व्यायामाची धास्ती वाटणाऱ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेतला पीटीचा तास संपला तेव्हापासून अंग हलवलेलं नाही, अशा चाळिशी-पन्नाशीच्या मंडळींचा व्यायाम मी घेते. त्यांच्याकडून, त्यांच्या नणंदांकडून, ऑफिसातल्या सहकाऱ्यांकडून तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सर्वांसाठी आहेत, पुढचे ज्याच्या त्याच्या अडचणीनुसार. आधीपासून एखादा आजार असेल तर प्रश्न ३ आधी वाचा, मग बाकीचं.

१. मी आयुष्यात कधीच व्यायाम केलेला नाही. नेमकी सुरुवात कशाने करू?

उद्या घरातून निघा, ५ मिनिटं एका दिशेला चाला आणि परत या. झाली १० मिनिटं. दोन आठवडे एवढंच, आठवड्यातले निदान पाच दिवस, शक्यतो रोज एकाच वेळी. तिसऱ्या आठवड्यात ५ मिनिटं वाढवा, मग दर आठवड्याला तेवढीच भर घाला.

हे ऐकून काहींना अपमान वाटतो. "एवढ्याने काय होणार?" पण हा आकडा मुद्दाम लहान ठेवलाय. पहिल्या पंधरवड्यात ताकद कमवायची नसते, दिवसातली एक जागा पक्की करायची असते. दुसरं कारण शरीराचं. दम काही आठवड्यांत सुधारतो, पण स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे तयार व्हायला महिने लागतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छाती म्हणते "पळ" आणि टाच म्हणते "थांब". नवख्यांची दुखणी बहुतेक याच सुमारास निघतात. तेव्हा टाचेचं ऐका.

२. लोक बघतात, हसतात असं वाटतं. मी जाड आहे, मला नीट काही जमत नाही. ही लाज कशी घालवू?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच, आणि तो बहुधा शेवटी, हळूच विचारला जातो. लाज आधी घालवायची आणि मग व्यायाम करायचा, हा क्रम जमत नाही. लाज राहू द्या, फक्त तिला सोयीची जागा आणि वेळ द्या.

शहरात असाल तर सकाळी ६ ते ७ मध्ये बागांमध्ये नेहमीच्या मंडळींची गर्दी असते आणि ते एकमेकांना ओळखतात. नव्या माणसाला तिथे लग्नघरात बिनबोलावता गेल्यासारखं वाटतं. त्याऐवजी दुपारी चार-साडेचार किंवा रात्री जेवणाआधीची वेळ बघा. सोसायटीची गच्ची, पार्किंग, जिना हे सगळं चालतं. मोठ्या ठिकाणी उलट अनुभव येतो: शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती किंवा रंकाळ्यावर इतके तऱ्हेतऱ्हेचे लोक चालत असतात की तुमच्याकडे बघायला कुणाला सवड नसते.

गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी गोष्ट वेगळी. बाई एकटी चालायला निघाली की ओट्यावरून हाक येतेच, "काय गं, कुठं निघालीस?" यावर एक उत्तर तयार ठेवा: "डॉक्टरांनी सांगितलंय." त्यापुढे "शुगर निघाली का?" असं विचारतील. विचारू देत. पंधरा दिवसांत त्यांना तुमची सवय होते. सोबत एखादी शेजारीण असेल तर आणखी बरं, आणि शाळेचं मैदान किंवा देवळाभोवतीची वाट रस्त्यापेक्षा निवांत. भटक्या कुत्र्यांची भीती वाटत असेल तर ती खोटी नाही. अंधारात जाऊ नका, जोडीने जा, आणि कुत्रं अंगावर आलं तर पळू नका.

जमत नाही याबद्दल: चालणं तुम्हाला येतं. प्रश्न ८ मधले व्यायाम दार लावून करायचे आहेत, तिथे बघायला कुणी नसतं.

३. सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं का?

रोजच्या वेगाने चालायला सुरुवात करायची असेल आणि कुठला आजार, लक्षण नसेल तर त्यासाठी तपासण्यांचं बाड लागत नाही. तपासणीच्या नावाखाली व्यायाम सहा महिने पुढे ढकलणारे मी बरेच पाहिले आहेत.

मात्र आधी विचाराच, जर: हृदयविकार, पक्षाघात किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, त्यातही तो ताब्यात नसेल, चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखत, आवळत असेल, चक्कर येऊन पडला असाल, नुकतं ऑपरेशन किंवा बाळंतपण झालं असेल, किंवा तुम्ही गरोदर असाल. घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल तर तेही सांगा. डॉक्टरांना "व्यायाम करू का?" असं मोघम विचारू नका. "रोज २० मिनिटं भरभर चालू का? जिना चढू का? वजन उचलू का?" असं विचारा. मोघम प्रश्नाला "करा की, हळूहळू" एवढंच उत्तर मिळतं.

४. रोज किती व्यायाम म्हणजे पुरेसा? १०,००० पावलं हवीतच का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सांगितलेलं प्रमाण असं: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस श्रम, आणि शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम. १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. पूर्वी सलग १० मिनिटांपेक्षा कमी हालचाल धरू नये असं म्हणत, २०२० मध्ये ती अट काढली. बसस्टॉपपर्यंतची ४ मिनिटंही हिशोबात धरा.

१०,००० हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, तेव्हापासून तो रूढ झाला. तुम्ही आज ३,००० पावलं चालत असाल तर पुढच्या महिन्यात ४,००० हे चांगलं उद्दिष्ट. फोन खिशात न ठेवता चाललात तर ती पावलं वाया जात नाहीत, हेही सांगून ठेवते.

५. थोडं चाललं तरी दम लागतो. हे हृदयाचं तर नसेल ना? वेग किती ठेवू?

चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम वेग. गाणं म्हणता आलं तर वेग वाढवा. चार शब्दांत धाप लागली तर कमी करा. पहिल्या महिन्यात याहून दुसरं माप लागत नाही.

सवय नसलेल्या माणसाला दम लागतो, ठोके वाढतात, घाम येतो, चेहरा लाल होतो. थांबल्यावर काही मिनिटांत हे ओसरत असेल तर शरीर आपलं काम करतंय. भीती वाटणाऱ्यांची एक अडचण अशी की वाढलेले ठोके हेच त्यांना भीतीचं लक्षण वाटतं, मग भीतीने ठोके आणखी वाढतात. अशा वेळी एकदम खाली बसू नका. वेग अर्धा करा, श्वास सावकाश सोडा आणि चालत राहा.

खालीलपैकी काही झालं तर मात्र लगेच थांबा: छातीत दाब किंवा जळजळ, वेदना हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, गार घाम, डोळ्यांपुढे अंधारी, थांबल्यावरही न ओसरणारी धाप. बायकांमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसती मळमळ, विलक्षण थकवा असंही होतं. "ॲसिडिटी असेल" म्हणून घरी चालत जाऊ नका. १०८ ला फोन करा, महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका मोफत आहे.

६. दिवसभर घरकामात पाय मोडतात. वेगळा व्यायाम कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्या बाईला "घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे" असं फटकन सांगणारे लोक मला आवडत नाहीत. वाकून फरशी पुसणं, बादल्या उचलणं, उकिडवं बसून कपडे धुणं ही मेहनत आहे आणि ती वर सांगितलेल्या मिनिटांत धरली जाते. शेतात खुरपणी करणाऱ्या, डोक्यावरून पाणी आणणाऱ्या बाईला मी चालायला सांगत नाही. तिला विश्रांती आणि पोटभर डाळ हवी.

पण शहरातल्या बहुतेक घरांत आता वॉशिंग मशीन, मिक्सर, कामाला येणाऱ्या मावशी आहेत. उरतं ते ओट्यापाशी तासन् तास उभं राहणं. त्याने थकवा येतो, पिंडऱ्या भरून येतात, पण दम वाढत नाही आणि ताकदही वाढत नाही, कारण काम रोज तेवढंच आणि त्याच स्नायूंवर. परीक्षा सोपी आहे: भाजीच्या दोन पिशव्या घेऊन तीन मजले न थांबता चढता येतात का? येत असतील तर तुमचं घरकाम तुम्हाला पुरतंय. नसतील तर प्रश्न ८ तुमच्यासाठी आहे.

आणि वेळेबद्दल. "पहाटे उठून व्यायाम करा" हा सल्ला ज्यांचे डबे दुसरं कुणी भरतं त्यांनी लिहिलेला असतो. सहा वाजता तुम्ही पोळ्या लाटत असाल तर सहाची वेळ तुमची नाही. सगळे गेल्यावर साडेदहाला करा, संध्याकाळी पाचला करा. शरीराला घड्याळ कळत नाही. आणि त्या वीस मिनिटांत कुणाला चहा हवा असेल तर तो त्याने करून घ्यावा.

७. पहिल्याच दिवसानंतर अंग इतकं दुखलं की जिना उतरता येईना. काही बिघडलं का?

बहुधा नाही. सवय नसलेल्या हालचालीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं सर्वाधिक असतं आणि चार-पाच दिवसांत जातं. हे लॅक्टिक ॲसिडमुळे होतं असं सांगतात, ते खरं नाही, ते तर तासाभरात निघून जातं. दुखतं ते स्नायूंना झालेल्या बारीक इजांमुळे, आणि स्नायू ताणला जात असताना भार पेलतो तेव्हा त्या जास्त होतात. म्हणून पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना दम लागतो आणि दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरण्यामुळे.

हलकं चाला, गरम पाण्याने आंघोळ करा, तेवढाच व्यायाम दुखणं ओसरल्यावर पुन्हा करा. दुसऱ्या वेळी निम्मंही दुखत नाही. सांध्यात टोचणारी, एकाच बाजूला, सूज आणणारी वेदना मात्र यात बसत नाही, ती दाखवा. आणि अतिरेकी व्यायामानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण आल्याचं ते लक्षण असतं. पहिल्याच दिवशी दोनशे उठाबशा काढायला लावणाऱ्या हौशी मित्रांपासून म्हणूनच लांब राहावं.

८. नुसतं चालणं पुरेसं नाही का? वजनं उचलायची भीती वाटते.

चालणं हृदयासाठी उत्तम, पण तिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात आणि बायकांची हाडं पाळी गेल्यावर झपाट्याने विरळ होतात. चालण्याने ते पुरेसं थांबत नाही. त्यासाठी स्नायूंवर भार पडायला हवा, आणि सुरुवातीला स्वतःच्या शरीराचा भार पुष्कळ होतो.

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, हे करा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता उठा आणि सावकाश बसा. भिंतीपासून हातभर लांब उभे राहून भिंतीवर जोर काढा. ओट्याला धरून टाचा उचला. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, कंबर उचलून तीन अंक मोजेपर्यंत धरा. शेवटी एक लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या घ्या, किंचित पुढे वाका आणि कोपर मागे नेत त्या कमरेपर्यंत ओढा. प्रत्येक प्रकार ८ ते १० वेळा, थोडं थांबून पुन्हा एकदा. सगळं मिळून वीस मिनिटं लागतात.

श्वास रोखू नका, जोर लावताना सोडा. १२ वेळा सहज जमू लागलं की अवघड करा: बाटलीऐवजी पाच किलोच्या आट्याची पिशवी, भिंतीऐवजी ओट्यावर जोर. हे अवघड करत जाणंच महत्त्वाचं. वर्षभर त्याच दोन बाटल्या उचलणारे लोक असतात, आणि फरक पडत नाही म्हणून तक्रार करतात.

बायकांचे दंड पुरुषांसारखे फुगतील ही भीती सोडा. त्यासाठी लागणारे हार्मोन्स आणि वर्षानुवर्षांची मेहनत, दोन्ही इथे नाही.

९. सूर्यनमस्कारांनीच सुरुवात केली तर?

आपल्याकडे हा प्रश्न येणारच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कार रुजवले, तेव्हापासून मराठी घरात व्यायाम म्हटलं की तेच आठवतात. व्यायाम चांगलाच आहे: पुढे वाकणं, मागे वळणं, हातांवर भार, सगळं त्यात येतं.

पण अगदी नवख्याला पहिल्या दिवशी १२ घालायला लावणं मला पटत नाही. मनगटं, खांदे आणि कंबर यांची तयारी नसते, मग साष्टांग नमस्काराच्या स्थितीत माणूस धप्पकन पडतो. आधी महिनाभर प्रश्न ८ मधले प्रकार करा. मग ओट्यावर किंवा पलंगाच्या काठावर हात टेकून दोन नमस्कार घाला, हळूहळू जमिनीवर या. रक्तदाब ताब्यात नसेल, काचबिंदू असेल, कमरेच्या मणक्यातली चकती सरकली असेल किंवा मनगटात मुंग्या येत असतील तर विचारल्याशिवाय घालू नका.

१०. गुडघे दुखतात. चाललं तर झिजणार नाहीत का?

गुडघा टायर नव्हे. संधिवाताच्या दुखण्यात व्यायाम हा उपचाराचाच भाग असतो, कारण मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार कमी होतो. विश्रांती घेत बसलात तर मांडी अशक्त होते आणि गुडघा जास्त बोलू लागतो.

दुखणं शून्य ते दहा अशा मापावर मोजा. व्यायामात तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीइतकंच असायला हवं. वाढलं तर पुढच्या वेळी निम्मं करा. सपाट रस्ता निवडा, टेकडी उतरणं सध्या टाळा. खुर्ची उंच घ्या, हवी तर खाली उशी ठेवा. चालणं नकोच झालं तर सायकल किंवा पाण्यात चालणं. गुडघा सुजला, अडकला, चालताना निसटला तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांकडे.

११. बूट महागडेच हवेत का? साडीवर चाललं तर चालेल?

साडी चालते, निऱ्या थोड्या वर खोचा. चपला नकोत. हजार-दीड हजारांचे साधे स्पोर्ट्स शूज पुरतात. संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात, आणि पुढे अंगठाभर जागा सोडा. बायकांनी बुटांच्या आधी चांगल्या आधाराच्या ब्रावर खर्च करावा, ती न मिळाल्याने चालणं सोडलेल्या कित्येक जणी आहेत.

१२. जिम लावू का? आत जायलाच भीती वाटते.

दोन-तीन महिने घरी नियमाने झालं की मग लावा. जिमचा धंदा मोठ्या प्रमाणावर जानेवारीत पैसे भरून मार्चमध्ये गायब होणाऱ्यांवर चालतो. वर्षाच्या फीवर "आजच भरलंत तर निम्मी सूट" असं सांगतील. आज भरू नका. एक महिना घ्या, महाग पडला तरी.

आधी एक दिवस, ज्या वेळी तुम्ही जाणार त्याच वेळी, जाऊन बघा. प्रशिक्षक फोनमध्ये डोकं घालून बसलाय की लोकांकडे बघतोय? तुमच्या वयाचं कुणी आहे का? बायकांसाठी कपडे बदलायला नीट जागा आहे का? पहिल्या भेटीत तुमचे आजार विचारले का? न विचारता प्रोटीन पावडरचा डबा विकायला काढला तर उठून या. सकाळी ११ ते दुपारी ४ जिम रिकामी असते, यंत्रं ओळखून घ्यायला ती वेळ बरी. यंत्र कसं वापरायचं ते विचारण्यात कमीपणा नाही, फीमध्ये तेही धरलेलं असतं. आरसे आहेत तिथे लोक स्वतःला बघण्यात गुंग असतात, तुमच्याकडे लक्ष जात नाही.

१३. बागेतल्या ओपन जिमचा उपयोग होतो का?

सांधे मोकळे करायला होतो, ताकद वाढवायला फारसा नाही, कारण बहुतेक यंत्रांवर भार वाढवता येत नाही. पाय पुढेमागे झुलवायच्या यंत्रावर झोके घेऊ नका, कंबर धरते.

१४. आधी काय खाऊ? प्रोटीन पावडर लागते का?

अर्ध्या तासाच्या चालण्याआधी काही खाल्लं नाही तरी चालतं. चहा-बिस्किट हवं असेल तर घ्या. चक्कर येत असेल तर अर्धं केळं खा. (मधुमेहींनी प्रश्न १८ पाहावा, त्यांचं गणित वेगळं.)

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ७ च्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात तेवढंच, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या जवळपास. आपली अडचण अशी की वरण पातळ आणि भात डोंगराएवढा. वरण घट्ट करा, मोडाची उसळ रोज एका जेवणात ठेवा, दही घ्या, मासे-अंडी खात असाल तर खा. एवढ्याने भागतं. पावडर विष नाही, पण पहिल्या वर्षात तिच्यावाचून कुणाचं अडत नाही.

१५. दोन महिने झाले, वजन अर्धा किलोही उतरलं नाही. सोडून देऊ?

साठ-सत्तर किलोच्या माणसाच्या अर्धा तास चालण्यात सव्वाशे-दीडशे कॅलरी जातात. एका वडापावात त्याच्या दुप्पट येतात. वजन मुख्यतः ताटात ठरतं, व्यायामाने हृदय, साखर, रक्तदाब, झोप आणि ताकद सुधारते, काटा हलो न हलो. शिवाय स्नायू वाढला आणि चरबी घटली तर काटा जागेवरच दिसतो.

म्हणून टेप घ्या. भारतीयांसाठी पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि बायकांची ८० पेक्षा जास्त असेल तर धोका धरतात. बीएमआयची (उंचीच्या मानाने वजन किती, त्या आकड्याची) रेषाही आपल्यासाठी खाली आहे: २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. महिन्यातून एकदा कंबर मोजा आणि तोच जिना चढून किती दम लागतो ते बघा. रोज काट्यावर उभं राहू नका.

१६. पाळीत व्यायाम करू का?

करा. पहिल्या दिवशी नको वाटलं तर सुट्टी घ्या. हलक्या चालण्याने काहींची पोटदुखी कमी होते. रक्तस्राव इतका की सतत थकवा, धाप लागते असं असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा. व्यायामाचा दम नव्हे, रक्ताची कमतरता असू शकते.

१७. उडी मारली, शिंकलं की लघवीचे थेंब जातात. हे कुणाला विचारू?

विचारलंत ते बरं झालं, कारण बाळंतपणानंतर आणि पाळी जाताना हे फार जणींना होतं आणि सगळ्या गप्प बसतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडल्याने असं होतं आणि नेमक्या व्यायामाने बहुतेकींना फरक पडतो. शू रोखल्यासारखं आतून वर ओढा, पाच अंक धरा, सोडा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना हा प्रयोग करू नका. तीन महिने नियमाने करा. तोवर उड्या आणि दोरीवरच्या उड्या बंद, चालणं चालू. फरक न पडल्यास स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा या विषयातली फिजिओथेरपिस्ट.

१८. मधुमेह आहे, गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे. चालताना साखर खाली गेली तर?

इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांवर हा धोका खरा आहे, नुसत्या मेटफॉर्मिनवर फार कमी. निघण्याआधी साखर मोजा. ९० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन निघा. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज ठेवा. थरथर, घाम, गोंधळ वाटला तर थांबा, तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. ७० च्या वर आल्याशिवाय पुढे चालू नका. व्यायामाचा परिणाम रात्रीपर्यंत टिकतो, म्हणून संध्याकाळी जास्त चाललात तर झोपताना एकदा मोजा. डोस स्वतःच्या मनाने बदलू नका.

"सकाळी दवात, गवतावर अनवाणी चाला" हा सल्ला तुमच्यासाठी नाही. तळपायाची जाणीव कमी झालेली असली तर काटा बोचलेला कळतही नाही. बूट-मोजे घाला, रोज रात्री तळपाय बघा. डोळ्यांच्या पडद्यावर लेसर झालं असेल तर जड वजनं आणि डोकं खाली जाणारी आसनं नेत्रतज्ज्ञांना विचारूनच.

१९. बीपीची गोळी घेते. घड्याळात ठोके वाढतच नाहीत, म्हणजे व्यायाम होत नाही का?

गोळीचं नाव "लोल"ने संपतंय का बघा: मेटोप्रोलोल, एटेनोलोल वगैरे. या गोळ्या ठोके वाढू देत नाहीत, त्यांचं कामच ते. जास्तीत जास्त ठोके काढायचं २२० वजा वय हे सूत्र तुम्हाला लागू नाही. प्रश्न ५ मधली बोलण्याची कसोटी वापरा. मधुमेहही असेल तर लक्षात ठेवा, या गोळ्यांमुळे साखर खाली जाताना छातीतली धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. व्यायाम संपवताना एकदम थांबू नका, पाच मिनिटं हळू चाला, नाहीतर चक्कर येते.

२०. उपवास, ऊन, पाऊस, गणपती. खंड पडतोच. मग?

एकादशीला हलकं चाला, पाणी प्या. साबुदाण्यात पिष्ट भरपूर आणि प्रथिनं जवळजवळ नाहीत, शेंगदाणे आणि दही जोडीला ठेवा. कडक नवरात्रात किंवा रमजानच्या रोज्यात जोराचे व्यायाम उपवास सोडल्यानंतर. विदर्भातल्या मे महिन्यात सकाळी सातच्या आत घरी या. कोकणात पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवर (दगडी पायवाटेवर) शौर्य दाखवू नका, घरात जिना आणि प्रश्न ८.

आठवडाभराचा खंड असेल तर जिथे सोडलं तिथून धरा. दोन-तीन आठवड्यांनी निम्म्यावरून. महिन्याहून जास्त असेल तर प्रश्न १ वर या, फक्त या वेळी पुढे जाल लवकर. ताप असताना व्यायाम अजिबात नाही, आणि डेंग्यूनंतर डॉक्टर म्हणतील तेव्हाच.

२१. आई ७२ वर्षांची आहे. या वयात सुरू करून काही उपयोग?

आहे, आणि तिच्यासाठी सर्वात मोलाचा व्यायाम तोल सांभाळण्याचा. पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तरी तो करावा. ओट्याला धरून एका पायावर १० अंक, टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालणं, खुर्चीतून उठबस. कुणीतरी जवळ उभं राहावं. वर्षात एकदा जरी पडली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, आणि बाथरूममध्ये धरायला दांडा आजच बसवा.

२२. यंदा पहिल्यांदा वारी चालायची आहे. नवख्याला जमेल का?

आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर, तीन आठवड्यांच्या आसपास. रोजचं अंतर एकेकटं पाहिलं तर भीतीदायक नाही, अवघड आहे ते दुसऱ्या दिवशी पुन्हा उठून चालणं. माउलींच्या पालखीचा पुणे-सासवड टप्पा सुरुवातीलाच येतो, ३० किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात दिवे घाट.

निदान तीन-चार महिने आधी लागा. प्रश्न १ पासून रोज ४५ मिनिटांपर्यंत या. मग दर रविवारी एक लांब चाल: ५, ७, ९ किलोमीटर असं वाढवत १५-१८ पर्यंत. शेवटच्या महिन्यात शनिवार-रविवार सलग दोन दिवस लांब चाला, खरी परीक्षा रविवारची. सिंहगडासारखा चढ महिन्यातून एकदा. ज्या बुटांनी जायचंय त्यांनीच सराव करा, आणि एक-दोनदा पावसात भिजलेल्या मोज्यांनी चालून बघा.

एवढी तयारी झाली नसेल तर पूर्ण वारीचा हट्ट नको. कितीतरी लोक पुणे ते सासवड एवढंच चालून एसटीने परत येतात. त्यासाठीही आधी १५ किलोमीटर एका दमात चाललेलं असावं. पायाच्या बोटांना आणि टाचेला व्हॅसलीन लावा, मोज्यांचे दोन कोरडे जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि फोड आलाच तर तो न फोडता वर पट्टी लावून दिंडीबरोबरच्या दवाखान्यात दाखवा.